खापर फोडण्याआधी व्हाउचर तपासा

६ नोव्हेंबर २०२४, बुधवार. गोरेगावात दुपारचे चार वाजून गेले होते. मी चहाचं आधण ठेवलं होतं आणि दिवाळीच्या उरलेल्या चकल्या मऊ पडल्यात का, ते एक मोडून बघत होते. तेवढ्यात अमेरिकेतल्या एडिसनहून लेकीचा फोन आला. तिकडे पहाटेचे साडेपाच, अध्यक्षपदाच्या निवडणुकीचा निकाल बघत रात्रभर टीव्हीसमोर बसलेली. "आई, हरलो गं," एवढं म्हणाली आणि पुढची पंचवीस मिनिटं नावं घेत राहिली. तेव्हाचे अध्यक्ष बायडन, वेळेवर बाजूला झाले नाहीत म्हणून. तिसऱ्या पक्षाच्या जिल स्टाइन. मिशिगनमधले अरब. लॅटिनो पुरुष. मतदानाला न गेलेली कॉलेजची पोरं. पॉडकास्टवाले. खुद्द डेमोक्रॅट उमेदवार कमला हॅरिस. आणि सगळ्यांत शेवटी तिचे टेक्सासमधले दीर, ज्यांनी ट्रम्पना मत दिलं आणि वर फॅमिली ग्रुपवर त्यांच्या रिपब्लिकन पक्षाच्या हत्तीचं चित्र टाकलं. "ह्यांच्यासारख्यांमुळे झालं हे!" टेक्सास हॅरिसना मिळणारच नव्हतं, पण त्या घडीला हे कोण सांगणार? चहा आटून काढा झाला.

मी १९७६ ते २०१४ बँकेत होते, त्यातली निम्मी वर्षं कॅशमध्ये. संध्याकाळी कॅश शॉर्ट आली, म्हणजे हिशेबापेक्षा कमी भरली, की माणसं काय करतात ते मला पाठ आहे. आधी नाव शोधतात, कारण नंतर. आणि नाव नेहमी हाताशी असलेल्या माणसाचं निघतं. त्यामुळे लेकीला सांगितलेली रीत इथे लिहून ठेवते. निवडणूक कुठलीही असू द्या, हिशेबाची पद्धत तीच.

पहिले दोन दिवस

काही मोजायचं नाही. आमचे हेड कॅशियर कॅश शॉर्ट आली की पहिल्यांदा सगळ्यांसाठी वडापाव मागवायचे. नवीन मुलांना राग यायचा, सात वाजलेत आणि ह्यांना वडापाव सुचतोय. पण उपाशी माणूस नोटांचं बंडल दोनदा मोजतो आणि दोन्ही वेळा वेगळा आकडा सांगतो, हे त्यांना माहीत होतं.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. पहिल्या दोन दिवसांत सगळी कॅश आत आलेलीच नसते. ट्रम्प जिंकल्याची बातमी आली तेव्हा हॅरिस यांच्या नावावर साडेसहा-पावणेसात कोटी मतं दिसत होती. २०२० साली बायडनना ८ कोटी १२ लाख मिळाली होती. लगेच ओरड सुरू: दीड कोटी डेमोक्रॅट घरी बसले! कुणी तर मतं चोरीला गेली म्हणाले. खरी गोष्ट इतकीच की कॅलिफोर्नियासारख्या राज्यात टपालाने आलेली मतं मोजायला आठवडे लागतात. शेवटी हॅरिस यांची मतं ७ कोटी ५० लाखांवर गेली. ६२ लाखांची घट उरली, ती काही थोडीथोडकी नाही, पण दीड कोटींचा गुन्हा ज्यांच्या नावावर लिहून झाला होता त्यांची माफी मागायला कुणी परत आलं नाही.

ह्या दोन दिवसांत ग्रुप सोडू नका. म्यूट करा. सोडलेल्या ग्रुपमध्ये परत यायचं तर कुणाला तरी "मला घ्या" म्हणावं लागतं, आणि ते सहा महिने जमत नाही. लेकीने सोडलाच होता.

फरकाचा आकडा कागदावर

तिसऱ्या दिवशी कागद घ्या. मोबाइलवर नको, कागदच. वर मधोमध फरक लिहा. बँकेत फरक किती हे माहीत नसताना कुणी व्हाउचर उपसायला बसलं तर त्याला वेड्यात काढतील, पण निवडणुकीनंतर शेकडो माणसं तेच करतात.

लेकीच्या कागदावर असं आलं: इलेक्टोरल मतं, म्हणजे राज्यं जिंकून मिळणारी मतं, ३१२ विरुद्ध २२६. देशभर ट्रम्प यांना साधारण २३ लाख मतं जास्त, म्हणजे दीड टक्का. पण तिथे अध्यक्ष देशभरच्या बेरजेवर ठरत नाही, राज्यागणिक ठरतो. २०१६ साली हिलरी क्लिंटन यांना २८ लाख मतं जास्त पडली आणि त्या हरल्या. म्हणून राज्यंही लिहायची: पेनसिल्व्हेनियात फरक १ लाख २० हजार, मिशिगनमध्ये ८० हजार, विस्कॉन्सिनमध्ये २९ हजार. ह्या तिघांची इलेक्टोरल मतं १९, १५ आणि १०. २२६ मध्ये मिळवून बघा. बरोबर २७०, जिंकायला लागतात तितकीच.

आता खाली एकेक आरोपी लिहून त्याच्यापुढे वजाबाकी करायची. जिल स्टाइन यांना मिशिगनमध्ये सुमारे ४५ हजार मतं मिळाली. सगळीच्या सगळी हॅरिसना दिली तरी ८० हजारांचा खड्डा भरत नाही. मिशिगनचे अरब मतदार? तिथल्या अरब वस्तीच्या डिअरबॉर्न शहरात हॅरिस मागे पडल्या हे खरं, आणि गाझावरून तिथला राग खराच होता. पण समजा मिशिगन अख्खं बक्षीस दिलं. २२६ अधिक १५, झाले २४१. एक नाव काटलं. म्हणजे त्यांच्या रागाला कारण नव्हतं असं नाही; फक्त ह्या निकालाचं बिल त्यांच्या नावावर फाडता येत नाही.

हीच वजाबाकी २००० सालावर करून बघा, उलटं उत्तर येतं. फ्लोरिडात बुश गोर यांच्यापेक्षा ५३७ मतांनी पुढे राहिले, त्यावरच अध्यक्षपद ठरलं, आणि तिथे तिसरे उमेदवार राल्फ नेडर यांना ९७ हजारांहून जास्त मतं होती. तिथे नेडर यांचं नाव कागदावर राहतंच. पण मग बाकीची नावंही राहतात. पाम बीच काउंटीची ती गोंधळात टाकणारी मतपत्रिका राहते. गोर स्वतःचं राज्य टेनेसी हरले तेही राहतं, कारण टेनेसीची ११ इलेक्टोरल मतं असती तर फ्लोरिडाची गरजच नव्हती. पंचवीस वर्षं लोक नेडर यांच्या नावाने बोटं मोडतात, टेनेसीचं नाव कुणी काढत नाही.

फार लहान फरकाची ही गंमत असते. आमचंच बघा. गोरेगाव ज्या वायव्य मुंबई लोकसभा मतदारसंघात येतं, तिथे २०२४ च्या मे महिन्यातल्या मतदानात रवींद्र वायकर आणि अमोल कीर्तिकर यांच्यात फरक पडला ४८ मतांचा. चार लाख बावन्न हजारांवर मतं दोघांनाही, आणि फरक अठ्ठेचाळीस! निकालानंतर आमच्या सोसायटीच्या आवारात रोज नवा गुन्हेगार सापडायचा. उकाडा. मे महिन्यात कोकणात गेलेले लोक. केंद्रावरची रांग बघून परतलेले. आमच्या मागच्या इमारतीतून सावंतवाडीला एक लग्नाची बस गेली होती, तिच्यात पन्नास सीट होत्या. झालं, बसवाल्यांनी निवडणूक फिरवली! फरक ४८ असला की प्रत्येक जण पुरेसा गुन्हेगार असतो, म्हणून कुणा एकाला पकडता येत नाही. फरक २३ लाख असला की कुठलंही एक छोटं कारण पुरत नाही. बहुतेक खापरं ह्या दोन्हींतला भेद न कळल्यामुळे फुटतात.

निम्म्याचा नियम

ही बँकेतली जुनी युक्ती. फरक सम आकड्यात आला तर त्याचा निम्मा आकडा व्हाउचरांत शोधायचा. चारशे रुपयांची जमा चुकून नावे, म्हणजे खर्चाच्या बाजूला, पडली की फरक चारशेचा पडत नाही, आठशेचा पडतो. एकीकडून गेले आणि दुसरीकडे चढले.

मतांचंही तसंच. घरी बसलेला मतदार तुम्हाला एका मताने मारतो. पलीकडे गेलेला दोन मतांनी. २०२० मध्ये बायडन साधारण ७० लाखांनी पुढे होते, २०२४ मध्ये हॅरिस २३ लाखांनी मागे. म्हणजे फिरलं सुमारे ९३ लाखांचं. त्यातली ६२ लाख डेमोक्रॅटांची घट, ३१ लाख ट्रम्प यांची वाढ. घरी किती बसले, पलीकडे किती गेले, हे नुसत्या बेरजेवरून सांगता येत नाही. जो कुणी छातीठोकपणे सांगतो त्याच्याकडे व्हाउचर मागा.

त्या तीन राज्यांचा मिळून फरक २ लाख ३० हजार. निम्मे केले तर १ लाख १५ हजार. तेवढ्या लोकांनी, योग्य त्या ठिकाणी, उलट मत दिलं असतं तर अध्यक्ष वेगळा असता. वानखेडे साडेतीन वेळा भरेल एवढी माणसं. लेक म्हणाली, "आई, हे ऐकून बरं वाटायच्या ऐवजी जास्तच वाईट वाटतंय." असू दे. खरा आकडा आहे.

तिसऱ्या उमेदवाराबद्दल, वडिलांच्या आठवणीसकट

तिसऱ्या उमेदवारावर राग काढण्याआधी १९६९ ची आपली राष्ट्रपतिपदाची निवडणूक आठवा. मी तेव्हा पंधरा वर्षांची, वडील रेडिओला कान लावून. काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी, समोर व्ही. व्ही. गिरी, आणि स्वतंत्र पक्ष व जनसंघाने उभे केलेले चिंतामणराव देशमुख. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, आणि १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावरून केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडून आलेले. आमच्या घरात त्यांचं नाव 'चिंतामणराव' असंच घ्यायचं, नुसतं 'देशमुख' म्हटलं की वडील चष्म्यावरून बघायचे.

आपल्याकडे ह्या निवडणुकीत पसंतीक्रम असतो. पहिल्या पसंतीत गिरी ४,०१,५१५, रेड्डी ३,१३,५४८, चिंतामणराव १,१२,७६९. (हे आमदार-खासदारांच्या मतांचं एकूण मूल्य, माणसांची संख्या नव्हे.) मग खालच्यांची दुसरी पसंती वाटली गेली. रेड्डींना ९२ हजारांच्या आसपास मिळाली, गिरींना साडेअठरा हजार. तरी गिरी ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७ असे जिंकले. म्हणजे तिसऱ्या उमेदवाराने कुणाला पाडलं का, ह्याचं उत्तर कागदावर छापून मिळालं. फ्लोरिडात मतपत्रिकेवर दुसऱ्या पसंतीची सोयच नव्हती, म्हणून तिथे पंचवीस वर्षं नुसता अंदाज चालू आहे. तिसऱ्याला मत देणारा माणूस तो उमेदवार नसता तर तुमच्याच उमेदवाराला मत देणार होता, हे कुणी ठरवलं? कदाचित तो घरी बसून सोलकढी प्यायला असता.

खापर मात्र १९६९ मध्येही फुटलंच. इंदिरा गांधींनी अंतरात्म्याच्या आवाजाने मत द्या म्हटलं होतं, त्यामुळे पक्षाच्या नेत्यांना अपराधी शोधायला लांब जावं लागलं नाही. २० ऑगस्टला निकाल, १२ नोव्हेंबरला इंदिरा गांधींची पक्षातून हकालपट्टी, आणि काँग्रेसचे दोन तुकडे. हकालपट्टी करणाऱ्यांचा तुकडा पुढे किती उरला ते सगळ्यांना माहीत आहे.

एकाच काउंटरला की सगळ्या शाखांना

माझ्या एकटीच्या काउंटरला कॅश शॉर्ट असेल तर दोष माझ्या काउंटरवर शोधायचा. सगळ्या शाखांचे आकडे एकाच बाजूला झुकत असतील तर वरून आलेलं काहीतरी बिघडलंय.

लेक राहते त्या न्यू जर्सीचंच घ्या. तिथे कुणी प्रचारावर फारसा पैसा घालत नाही, राज्य ठरलेलं. बायडन तिथे १६ टक्क्यांच्या आसपास पुढे होते, हॅरिस फक्त ६. जिथे सभा नाहीत, जाहिरातींचा भडिमार नाही, तिथेही दहा टक्क्यांची घसरण. मग अमुक जाहिरात चुकली, तमुक पॉडकास्टवर गेल्या नाहीत, ह्या कारणांनी हे कसं झालं? उलट जिथे प्रचार झाला त्या राज्यांत घसरण त्याहून कमी होती. आणि त्याच वर्षी जुलैत ब्रिटनमधलं सरकार निवडणूक हरलं, ऑक्टोबरात जपानच्या सत्ताधारी आघाडीचं बहुमत गेलं, आपल्याकडे भाजप ३०३ वरून २४० वर आला. सगळ्यांची कारणं एक नाहीत, पण सत्तेत असणाऱ्यांना ते वर्ष वाईट गेलं. अमेरिकेत २०२२ च्या जूनमध्ये महागाईचा दर ९.१ टक्के होता. दर नंतर खाली आला, किमती आल्या नाहीत. हे गृहिणीला समजावून सांगावं लागत नाही. मला विचाराल तर मोठा वाटा तिथे आहे, पण हे माझं मत, ताळा नाही.

एक्झिट पोलवर लगेच उड्या मारू नका. २००४ साली डेमोक्रॅट जॉन केरी अध्यक्षपदाची निवडणूक हरले तेव्हा २२ टक्के लोकांनी 'नैतिक मूल्यं' हा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा सांगितला आणि आठवडाभर तेवढीच चर्चा. पण त्याच यादीत दहशतवाद १९ आणि इराक १५ असे वेगवेगळे लिहिले होते. एकाच खात्याच्या दोन पानांची बेरीज न करता तिसऱ्याला मोठा ठरवण्यातला प्रकार.

आणि जमातींची नावं घेताना तर हात आखडताच ठेवा. लॅटिनो पुरुषांवर लेक चिडली होती. त्यांच्यात ट्रम्प यांची मतं वाढली, खरं आहे. पण स्त्री-पुरुष मिळून लॅटिनो मतदारांत एक्झिट पोलप्रमाणे निम्म्याहून किंचित जास्त हॅरिसकडेच होते. ज्यांनी तुमच्याबरोबर मत दिलं त्यांच्याही तोंडावर ते खापर फुटतं. २३ नोव्हेंबरला आपल्या विधानसभेचा निकाल लागला तेव्हा आमच्या आवारात कुठल्या कुठल्या समाजांची नावं निघाली ते मी इथे लिहिणार नाही. त्यातल्या एका समाजाचा आमचा वॉचमन तिथेच खुर्ची टाकून बसला होता.

नऊची गोष्ट

१९८७. माझी कॅश ९०० रुपयांनी शॉर्ट. तेव्हा ९०० म्हणजे चेष्टा नव्हती. काउंटरच्या आत येणारा बाहेरचा एकच, टेंपररी लागलेला शिपाई पोरगा, एकोणीस-वीस वर्षांचा. कुणी उघड काही बोललं नाही. फक्त एकाने त्याला विचारलं, "तू मघाशी स्टेपलर घ्यायला आत आला होतास ना?" बस्स, एवढंच. त्याने आपणहून दोन्ही खिसे बाहेर काढून दाखवले. चार रुपये आणि पासचं पाकीट.

हेड कॅशियर वडापाव खात म्हणाले, "नऊशेला नऊने भाग जातो का?" फरकाला नऊने भाग गेला की आकडे उलटसुलट पडले असण्याची शक्यता आधी बघायची. वीस मिनिटांत सापडलं. स्लिप १,२३० ची, स्क्रोलमध्ये, म्हणजे रोजच्या नोंदवहीत, २,१३०. अक्षर माझं.

तो पोरगा आणखी सात महिने आमच्याकडे होता. पूर्वी आमच्या टेबलाशी उभा राहून चहा प्यायचा, नंतर कप घेऊन जिन्यात जायचा. मी एकदा बोलावलं. "नको मॅडम, इथे बरं आहे," म्हणाला.

सस्पेन्स, आणि तारीख

सगळं करूनही फरक उरतो. बँकेत तो सस्पेन्स खात्यात टाकतात: फरक आहे, मान्य आहे, नाव अजून नाही. रात्री घरी जायची सोय. फक्त सस्पेन्सला तारीख लागते, नाहीतर जुन्या नोंदी कुजत राहतात आणि ऑडिटर कान पकडतो. लेकीला म्हटलं, उरलेली नावं सस्पेन्सला टाक, ३१ मार्चला क्लोजिंग करू.

मधल्या काळात दिरांशी बोलायचं होतं. 'कसं काय दिलंत तुम्ही त्यांना मत?' हा प्रश्न नव्हे, तो थप्पड आहे. 'काय बघून दिलंत?' असं विचारायचं आणि उत्तर संपेपर्यंत गप्प बसायचं. मध्ये "पण" आला की फोन कानापासून लांब धरायचा. तिने जानेवारीत विचारलं. भाऊजी पाऊण तास बोलले, त्यातली चाळीस मिनिटं घराच्या हप्त्यावर आणि ट्रकिंगच्या धंद्यातल्या डिझेलवर. तिला एकही मुद्दा पटला नाही. पण टेक्सासचं नाव तिने कागदावरून काढलं.

३१ मार्चच्या रात्री तिने कागद वाचून दाखवला. आठ नावांपैकी पाच काटलेली. बायडन राहिले होते, हॅरिस राहिल्या होत्या, घरी बसलेली पोरं प्रश्नचिन्हासकट राहिली होती. महागाई नव्याने लिहिली होती. आणि सगळ्यांत खाली एक नवीन ओळ: ऑक्टोबरात दोन शनिवार पेनसिल्व्हेनियात दारोदार जाण्यासाठी तिने नाव नोंदवलं होतं. पहिल्या शनिवारी गेली. दुसऱ्या शनिवारी, १२ तारखेला, दसरा होता, घरी बारा माणसं जेवायला, ती गेली नाही.

"ह्याची किती मतं धरू?" तिने विचारलं. "शून्यही असतील गं."

मी म्हटलं, ओळ राहू दे, रक्कम कोरी सोड. बँकेत असं केलं असतं तर मला मेमो मिळाला असता.